डेल्मरच्या मापाची गाडी

सांगा पाहू, जुना भाग विकत घेताना विश्वास कुणावर ठेवाल तुम्ही? विकणाऱ्यावर, की वस्तूवर?

घाईने उत्तर देऊ नका. बेकर्सफील्डच्या एका भल्या गृहस्थाने, दर रविवारी चर्चमध्ये दानाची ताटली फिरवणाऱ्या गृहस्थाने, मला एकदा गिअरबॉक्स विकला. लोण्यासारखा फिरत होता. आवाज म्हणून नाही! घरी आणून उघडला, तर आत सगळे दात झिजलेले, आणि वरून ठासून भरलेला लाकडाचा भुसा. त्या दिवसापासून मी माणसाचं तोंड बघणं सोडलं आणि लोखंड बघायला लागलो. शिक्षण सहावीपर्यंतचं, पण मोडक्या गाड्यांचं हे आवार वीस वर्षं चालवलं ते एवढ्याच अकलेवर.

पण आज तुम्ही ब्रेकचं पेडल मागायला आलात. घरच्या गॅरेजमध्ये बत्तीस सालची फोर्ड बांधायला घेतली म्हणालात. म्हणून एक गोष्ट कानावर घालतो. बसा त्या टायरवर. कॉफी सकाळची आहे, पण गरम आहे.

बत्तीसची फोर्ड माझ्याही घरी उभी आहे. बायकोबरोबर आली.

मेविसचा पहिला नवरा डेल्मर प्रुइट. सहा फूट तीन इंच उंची, खांदे दारात अडकतील असे, आणि हात... हातांबद्दल काय सांगू? त्याने वेल्डिंगचा जोड मारला की वाटे, कुणी नाणी एकावर एक तिरकी रचून ठेवलीत. युद्धाआधी माझ्याच आवारातून तो भाग न्यायचा. पोलिसांच्या ठोकलेल्या मर्क्युरी गाडीचं इंजिन मीच दिलं त्याला. गाडी अर्धी झाली आणि तो नौदलात गेला. चव्वेचाळीसमध्ये जहाज बुडालं. प्रेत नाही, पेटी नाही, फक्त तार आली. मला सैन्याने सपाट तळव्यांपायी परत पाठवलं होतं. मी इथेच होतो. दोन वर्षांनी मेविसने मला होकार दिला.

होकाराला एक अट होती. लग्नाआधी ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली, गाडीवरची ताडपत्री काढली आणि म्हणाली, "ही पूर्ण करायची, टिब. आणि दारावर बांधणाऱ्याचं नाव त्याचं घालायचं."

"एवढंच ना?" मी म्हणालो. सौदा पदरात पडत असताना कोण घासाघीस करतो?

आता तुम्ही बांधायला घेतलीच आहे, तर हे तुम्हाला ठाऊक असेल. शर्यतीची अशी गाडी अंगावर बेतून शिवतात. बांधणारा रिकाम्या सांगाड्यात संत्र्याच्या खोक्यावर बसतो, डोळे मिटतो, पाय सैल सोडतो. तळवे जिथे पडतील तिथे दुसऱ्याने खडूने खूण करायची. तिथे पेडलं येतात. डेल्मर खोक्यावर बसला होता आणि खडू मेविसच्या हातात होता. एकदा जेवताना तिने ते सहज सांगितलं. "हसत होता नुसता," म्हणाली. "गुदगुल्या होतात म्हणे बुटातून."

माझा घास तसाच राहिला. जिवंत माणसाशी भांडता येतं हो. मेलेल्याचं काय करणार? तो म्हातारा होत नाही, घोरत नाही, त्याचं पोट सुटत नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या आसनात बसलो. बाँबर विमानातलं ॲल्युमिनियमचं आसन, डेल्मरने रिबिटं मारून पक्कं केलेलं. शेजारी नुसती मोकळी फरशी, कारण शर्यतीच्या गाडीत दुसऱ्याला जागा ठेवत नाहीत. मी पाय लांब केले. पेडलं पाच बोटं दूर राहिली. आसन पुढे घेता आलं असतं. पण मी त्याच्या पेडलांकडे सरकत जायचं? त्याच्या पेडलांनी माझ्याकडे यावं! मी ती कापली, अलीकडे घेतली, जोडली. माझा जोड म्हणजे गोगलगायीने धरलेला माग, पण पक्का.

दुसऱ्या दिवशी बसलो, तर पेडलं पुन्हा पाच बोटं लांब.

वाटलं, मापात चुकलो. वाकून कंदील आत धरला. माझा गाठाळ जोड कुठेच नव्हता. त्या जागी नाणी होती. एकावर एक, तिरकी, नीट रचलेली.

मी थेट आर्नीकडे गेलो. आर्नी स्कॉगिन म्हणजे आमच्या गावचा रंगारी आणि शर्यतीच्या क्लबात गाड्या तपासणारा. "लेका, तू माझ्या गॅरेजमध्ये शिरलास?"

"तुझ्या गॅरेजमध्ये?" आर्नी खो खो हसला. "तुझं काम मी फुकटात सुधारून देईन, इतका मी कधी प्यालोय रे?"

मी गॅरेजला नवं कुलूप घातलं. किल्ली गळ्यात. परत कापलं, परत जोडलं. रविवारी मेविस चर्चला गेली होती. भर दुपारची वेळ, बाहेर ऊन रटरटत होतं. मी स्वयंपाकघरात सँडविच खात उभा होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून, गॅरेजमधून आवाज यायला लागला. कानस. सावकाश, लांब हाताने ओढलेली कानस. झर्र... झर्र... मध्ये थांबे, जणू कुणी बोट फिरवून बघतंय. पुन्हा झर्र...

मी कुलूप काढलं. आवाज थांबला. आत तापल्या लोखंडाचा वास होता, आणि त्यात केसांना लावायच्या सुवासिक तेलाचा. मला तेल लागत नाही, माझं डोकं बघताय ना? फरशीवर ताजा कीस पडला होता. चिमटीत घेतला, तर बोट भाजलं.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी थांबलो नाही. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी पोटात जळत होतं. माझ्या घरात, माझ्या छपराखाली हा अजून काम करतोय, आणि माझ्यापेक्षा चांगलं करतोय! मी आर्नीला बोलावून दारावर माझं नाव रंगवून घेतलं. 'बांधणी आणि चालक : ऑर्विन टिबेट्स.'

आर्नीचा ब्रश हवेतच थांबला. "मेविसला विचारलंस?"

"तू रंगव."

"डेल्मरने निम्मी..."

"मेलेल्याला वाचता येतं का, आर्नी? रंगव."

क्लबच्या शर्यती होतात त्या एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यावर पहाटे पोचलो. आदल्या संध्याकाळी पेडलं तिसऱ्यांदा जोडली होती आणि गाडीशेजारीच पडून राहिलो होतो. सकाळी बसून बघितलं, पाय नीट पोचत होते. आर्नीने क्लबचं कार्ड पुढे केलं. त्यावर एक ओळ असते, कोणतं काम कुणी केलं याची. त्या तळ्यावर या ओळीत कुणी खोटं लिहीत नाही. माणूस वेगाबद्दल थापा मारेल, बायकोला पगार चुकीचा सांगेल, पण दुसऱ्याने मारलेला जोड आपला म्हणणार नाही. मी लिहिलं, 'सर्व काम स्वतः.'

मेविस ट्रकमधून उतरली आणि तिने ताडपत्री बाजूला केली. दारावरची अक्षरं तिने दोनदा वाचली. लोक बघत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू शब्द दिला होतास, टिब," एवढंच म्हणाली, आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. काच वर केली.

निशाण पडलं. मी सुटलो. पांढरं, सपाट, भेगाळलेलं तळं, झाडाची सावलीसुद्धा नाही. ऐंशी... शंभर... इंजिन गात होतं हो, खोटं कशाला बोलू. वेग मोजणाऱ्या घड्याळांची रेघ ओलांडली आणि मी पाय उचलला.

वेग कमी होईना.

खाली बघितलं. वेगाचं पेडल तळाला टेकलेलं, माझा पाय त्यावर नसताना. ब्रेक दाबायला गेलो, तर ब्रेक जागेवर नाही. पाय लांब केला, आणखी लांब केला, आसनावरून घसरलो, तळवा नुसता हवेत फिरत राहिला. आणि मग तो कशाला तरी लागला. कापड. कापडाच्या आत टणक, ताठ पोटरी. माणसाची...

समोर तळं संपत आलेलं. पुढे झुडपं आणि दगड.

"डेल्मर..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "नाव... नाव तुझं घालतो... तुझंच घालतो..."

पोटरी हलली. वेगाचं पेडल सावकाश वर आलं. मग गाडी थांबायला लागली. ब्रेक लागत होता, बेताने, एकसारखा, मुरलेल्या चालकासारखा. माझे दोन्ही पाय तेव्हा आसनावर, पोटाशी घेतलेले होते.

आर्नी धावत आला. आत वाकला. आसनापासून पेडलांपर्यंत हाताने माप घेतलं.

"टिब," शेवटी म्हणाला, "ही चालवलीस कशी तू? तुझे पाय पोचतच नाहीत."

ताशी एकशे एकवीस मैल. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आकडा. मी कार्ड परत मागून ती ओळ खोडली आणि डेल्मरचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी आर्नीने दारावरचं नावही बदललं. मेविसने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हसली. दाराकडे बघून हसली. माझ्याकडे बघून हसली असती तर... असो. पेडलांना मी पुन्हा हात लावला नाही. वर्षभर गॅरेज शांत होतं. मला वाटलं, फिटलं.

मग या वसंतात मेविस रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जायला लागली. एकदा मागोमाग गेलो. ती गाडीत बसली होती. चालकाच्या जागी नाही, शेजारी. जिथे मोकळी फरशी होती तिथे दुसरं आसन. ॲल्युमिनियमचं, लहानसं, रिबिटांची ओळ सुईने टाचल्यासारखी. मेविसची पाठ त्यात अशी बसली होती, जशी हातात अवजाराची मूठ.

"कधी केलंस रे हे?" ती म्हणाली. किती दिवसांनी इतकी लाडात बोलली होती! "आणि मला न सांगता? किती बरोबर बसतं बघ, माझं माप कधी घेतलंस?"

आता सांगा, मी काय बोलायला हवं होतं? वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसत होती. मी म्हणालो, "आवडलं ना?"

हो. पुन्हा तेच केलं. पुन्हा त्याचं काम माझ्या नावावर घेतलं.

परवा त्या आसनाला पट्टा लागलाय. नौदलाचा, जाड, खाकी. मेविसच्या आसनाला, फक्त तिच्याच. मी हात लावून बघितला. इथून समुद्र शंभर मैल, आणि तीन महिन्यांत पाऊस नाही. पट्टा ओला होता. बोट जिभेला लावलं, खारट लागलं.

आज संध्याकाळी घरी जाऊन तिला खरं सांगणार आहे. काल संध्याकाळीही सांगणार होतो.

हे घ्या तुमचं पेडल. कुणाच्या गाडीतलं आहे, ते मागच्या चिठ्ठीवर लिहिलंय, फाडू नका. आणि माझी एक विनंती आहे. एक वही घाला. कोणता तुकडा कुणाच्या हातचा, कुणी कापला, कुणी जोडला, त्याचा हिशोब त्या वहीत प्रामाणिकपणे ठेवा. आणि घरातलं कुणी विचारलं, हे तू केलंस का, तर वही उघडून दाखवा.