पाणी न गळणारी टोपी

लाल लोकरीचा एक गुंडा गडगडत पायऱ्यांवरून खाली आला आणि हसिंताच्या पायाशी थांबला. तिनं वर पाहिलं. सिल्वानो उभा होता. हातात सायकलच्या तारांच्या चार सुया, चेहरा पडलेला.

"तुझाच का रे हा?"

"लोकर माझी. पळायची अक्कल तिची."

"पुनोच्या हॉटेलात ताटं उचलून विणायचं विसरलास वाटतं! इथं तर माणसं चालता चालता विणतात."

"म्हणून तर बसून विणत होतो..."

ती हसली आणि गुंडा द्यायला वर निघाली, तसा तो दोन पायऱ्या मागे सरला.

"जवळ नको येऊस. माझे पंधरा दिवस व्हायचेत अजून."

साथीमुळे पेरूनं दारं लावून घेतली होती. सिल्वानो सरोवरापलीकडच्या पुनो शहरातून शेवटच्या बोटीनं ताकिले बेटावर परत आला होता. मग तो वरून धागा गुंडाळत राहिला आणि ती खालून सैल सोडत राहिली. दोघांमध्ये चाळीस पायऱ्या आणि एक लाल धागा. गुंडाळून कधीच झालं होतं, तरी दोघं बराच वेळ तिथंच उभी होती.

पुढची दोन वर्षं बोटी आल्या नाहीत. सरोवर नुसतं निळं पडून असायचं. बेटावर बटाटे होते, मेंढ्या होत्या, गारांचा पाऊस होता. हसिंता मेंढ्या घेऊन निघाली की सिल्वानोला नेमकं त्याच वाटेनं काम निघायचं.

"इकडे कुठे?"

"वारा बघायला आलो."

"वारा दिसतो का रे?"

"तुझ्या वेण्या हलल्या की दिसतो."

तिनं मान वळवली. पण त्या दिवसापासून विंचरताना गळलेले केस ती जपून ठेवू लागली. ताकिलेची मुलगी नवऱ्यासाठी कमरेचा पट्टा विणते, त्यात स्वतःचे केस घालते. तिचा अर्धा पट्टा घोंगड्यांखाली लपवलेला होता.

मुलाकडची रीत अवघड. त्यानं टोपी विणून मुलीच्या बापाच्या हातात द्यायची. बाप तीत पाणी ओततो. पाणी राहिलं तर मुलगी मिळते.

सिल्वानोची पहिली टोपी हसिंताच्या वडिलांच्या, ग्रेगोरियोकाकांच्या, चपलांवर रिकामी झाली.

"पोरा, ही टोपी आहे की चाळण?"

दुसऱ्या खेपेला काका म्हणाले, "सुधारणा आहे. तेव्हा धबधबा होता, आता नुसती धार आहे."

"बाबा, टोपीत पाणी कशाला लागतं हो?" हसिंता चिडली.

"तुझ्या आजोबांनी माझ्या टोपीत ओतलं होतं. तुझी आई दाराआडून बघत होती." आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग बातमी आली की देश उघडतोय, परदेशी पाहुण्यांना यायला परवानगी मिळाली. बेटावर ढोल निघाले. सिल्वानो मात्र खाली बघत म्हणाला, "हॉटेलवाल्यांचा फोन आला होता. परत ये म्हणाले."

"मग?"

"मग... बघू."

त्या 'बघू'नं हसिंताला दोन रात्री झोप आली नाही.

पहिली बोट आली, त्या दिवशी गावाच्या दुकानात हसिंताची पाळी होती. दुकानात प्रत्येक घराचा एक खिळा असतो, विकायचा माल त्यावर लावतात. सिल्वानोच्या घराच्या खिळ्यावर एक नवी टोपी होती. टाके तांदळाच्या कणीएवढे. मागणीची टोपी कुणी खिळ्यावर लावत नाही. म्हणजे यानं आशा सोडली आणि निघाला...

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तीच टोपी उचलली. तुटक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी बायकोबरोबर आलो होतो. परत यायचं ठरलं होतं. सगळं बंद असताना ती गेली."

हसिंतानं टोपी बांधून दिली. डोळे दोघांचे भरले होते.

दुपारी सिल्वानो पाहुण्यांच्या पिशव्या घेऊन धापा टाकत आला.

"पाहिलीस टोपी?"

"विकली."

"विकलीस? अगं, काकांकडे नेण्याआधी तुला दिसावी म्हणून लावली होती!"

"शहाण्या, ती हातात द्यायची असते! खिळ्यावरची परक्यांसाठी!"

"मला कोण सांगणार? सोळाव्या वर्षी गेलो मी इथून."

"आणि हॉटेल?"

"त्यांना परवाच नाही म्हटलं... टोपी जमली की सांगणार होतो तुला."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. पाचशे पायऱ्या दोघं धावत उतरली.

धक्क्यावर म्हातारा गुडघ्यांवर बसला होता. ओंजळीत तीच टोपी, सरोवराच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. बोटींवर लक्ष ठेवायची पाळी ग्रेगोरियोकाकांची होती. तेही शेजारी उभे राहून बघत होते. एक थेंब गळत नव्हता.

"माझ्या बायकोनं असंच भरून पाहिलं होतं," म्हातारा म्हणाला. "आणि मग माझ्या डोक्यावर ओतलं."

काकांनी टोपीखाली बोट फिरवलं. कोरडं.

"कुणी विणली?"

"मी..." सिल्वानो पुढं झाला.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग हसिंताकडे. पाणी हळूच सरोवरात सोडलं आणि ओली टोपी सिल्वानोला दिली.

"बाबांच्या हातात दे," हसिंता पुटपुटली. "इथं खिळा नाही."

काकांनी टोपी घेतली. "चाळण नाही ही," एवढंच म्हणाले आणि त्यांनी सरोवराकडे तोंड वळवलं.

"तुमच्यासाठी दुसरी विणतो," सिल्वानो म्हाताऱ्याला म्हणाला.

"विण. मला परत यायला निमित्त हवंच आहे."

त्या संध्याकाळी हसिंतानं वेण्या सोडल्या आणि कात्री घेतली. नुसत्या गळलेल्या केसांवर पट्टा पुरा व्हायचा नव्हता.

आता बोटी रोज येतात. पायऱ्यांवर गर्दी असते. सिल्वानोच्या कमरेला तो पट्टा असतो, आणि त्याचा गुंडा अजूनही हातून सुटतो. मग हसिंता खाली जाऊन धागा धरते, तो वरून गुंडाळतो, आणि तेवढ्यापुरतं बेट पुन्हा बंद असल्यासारखं शांत होतं.

म्हाताऱ्याची टोपी केव्हाच विणून तयार आहे. ती पेटीत आहे. खिळ्यावर नाही.