बोगद्यात शिरलेली गाडी

पोलादपूरला यज्ञेश्वर ओकांचं घर उतारावर आहे. रस्त्यावरून बैठं दिसतं, पण आतला जिना उतरलं की खाली एक खोली लागते. पत्नी सरोजताई गेल्यावर चित्रकलेच्या या निवृत्त मास्तरांनी तिथं छोटी आगगाडी मांडायला घेतली. इंजिन आणि डबे लेकीनं, ईरानं, बंगळूरहून पाठवले होते. "बाबा, मन रमेल तुमचं."

रमलंही. जाळीवर प्लॅस्टर थापून डोंगर झाला, रंगवलेल्या भुशाची हिरवळ झाली, डोंगरातून आरपार बोगदा झाला. दिवसदिवस बोलायला माणूस नसे. गाडीची घरघर, तेवढीच सोबत.

चैत्रातली दुपार होती. कामाला येणारी मंजुळा वर भांडी घासत होती. मास्तरांच्या ध्यानात आलं, की गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर यायला वेळ लावते. दर फेरीला थोडा जास्तच. त्यांनी डोंगर उचलून पाहिला. खाली सरळ रूळ, दुसरं काही नाही. डोंगर परत ठेवून त्यांनी गाडी सोडली. ती आत गेली... आणि आलीच नाही. घरघर मात्र ऐकू येत राहिली, लांब लांब जाणारी.

त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी हात नेला. आतून गार वारा येत होता. भिजल्या कातळाचा वास होता त्याला.

"मास्तर, गाडी कुठं गेली वो?" मंजुळा जिन्यात उभी होती.

"आत आहे."

"आत कुठं? हातभर तर डोंगर हाय तो..." ती पुढे येईना. "बुजवून टाका त्यो बोगदा. हे बरं नाय."

मास्तरांनी गाडीचा प्लग काढला. प्लॅस्टर कालवलं, थापी भरून घेतली, आणि तोंडाशी नेऊन थबकले. एकदा बुजवलं की संपलं. मग परत तीच खोली, तोच पंखा, आणि सरता न सरणारी दुपार.

"बुजवा की!"

"थांब जरा, मंजुळा..." त्यांनी थापी खाली ठेवली.

तेवढ्यात घरघर जवळ येऊ लागली. प्लग जमिनीवर पडलेला होता. गाडी सावकाश बाहेर आली आणि मास्तरांसमोर थांबली. टपावरून पाणी निथळत होतं. बाहेर रस्त्याचं डांबर उन्हानं पाघळलं होतं.

मंजुळानं तोंडाला पदर लावला.

मास्तर वाकले. डब्यांच्या चिमुकल्या काचा आतून वाफेनं धुरकटल्या होत्या. शेवटच्या डब्याची एक काच तेवढी स्वच्छ होती. कुणीतरी बाहेर बघायला आतून तळहातानं पुसावी, तशी.