मेलेल्या लॉनची साक्ष

लहानूनं टाकीचं कुलूप काढलं, झाकण सरकवलं आणि तो मागे सरला. तळाशी नुसता हिरवा गाळ.

बहात्तरचा दुष्काळ. बोरगाव मेघेच्या त्या वसाहतीत टँकर आता परवा येणार होता, आणि काल भरलेली टाकी रातोरात रिकामी झाली होती. पहिल्यांदा नव्हे.

कुलपाच्या किल्ल्या दोनच. राखणदार लहानू आपली किल्ली रोज संध्याकाळी वसाहतीतल्या देवकाबाईंकडे ठेवून जाई. दुसरी वसाहतीच्या अध्यक्षांकडे, प्रभाकररावांकडे. टाकी त्यांच्याच कुंपणाला लागून होती.

"यानं तिसरी किल्ली बनवली," प्रभाकरराव म्हणाले. "पाणी विकून राह्यला. आजच काढा याले."

"माह्याच घरी घागर पालथी हाय, साहेब," लहानू म्हणाला.

कोणी तरी प्रभाकररावांच्याच बंगल्याकडे बोट दाखवलं. प्रभाकररावांनी स्वतःच कुत्रा बांधला आणि सगळ्यांना आत नेलं. लॉन वाळून गेलं होतं. पाणी चोरलं असतं तर हे असं मरू दिलं असतं का, त्यांनी विचारलं. लोक परत फिरू लागले.

सुलोचना मात्र गवताकडे बघत राहिली. शेतकीची पदवी घेऊन ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि याच वसाहतीत भाड्यानं राहत होती. बाहेरचं मैदान एकसारखं भाजलेलं. इथे गोल चट्टे. साळुंक्या त्या चट्ट्यांतच चोची खुपसत होत्या.

तिनं खाली बसून गवत ओढलं. ते सतरंजीसारखं उचलून आलं. मुळं पेरभरही नव्हती, तीही कुरतडलेली. खाली जाड, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पोटातली घाण कातडीतून काळी दिसत होती. एक तिच्या बोटाखाली फुटली. हात तिनं मातीतच ठेवला.

"शेवटचं पाणी कधी दिलंत?"

"उन्हाळ्यापासून थेंब नाई. मृगाची एक सर, तेवढीच."

"रात्री कुत्रा मोकळा असतो?"

"असते ना. परका माणूस पाय ठेवू शकत नाई."

सुलोचना उठली.

"हे लॉन दुष्काळानं मेलं नाही. हुमणीच्या या अळ्यांनी मुळं खाल्ली. मृगाच्या सरीनंतर तिचे भुंगेरे निघतात आणि ओल्या मातीत अंडी घालतात. कोरड्या मातीत ती सुकून जातात. मैदानात कुदळ शिरत नाही. ओल होती ती एवढ्याच तुकड्यात. तहानलेल्या गवताची मुळं खोल जातात. ही वरच राहिली, कारण रोज थोडंथोडं पाणी मिळत होतं. चट्टे पडल्यावर तुम्ही आणखी घातलंत. ही माती बघा, अजून गार आहे. पाणी चोरून तुमच्याच लॉनवर ओतायला, तेही या कुत्र्यासमोर, लहानू कशाला येईल?"

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. पण ते बोलण्याआधीच ओसरीवरून त्यांच्या पत्नी विमलाबाई बोलल्या.

"मी म्हणत होती, गवतापायी लोकायचं पाणी नका घेऊ."

प्रभाकररावांनी खिशातून किल्ली काढून सुलोचनासमोर धरली. तिला ती शिवावीशीही वाटेना.

"लहानूला द्या," ती म्हणाली.

ती खोलीवर गेली. हाताला कुजका, गोडसर वास येत होता. धुवायला घरात पाणी नव्हतं. अंगणातल्या धुळीत तिनं हात घासले, पुन्हा घासले. वास गेला नाही.