गरम पेल्यातला थेंब

"माझा नवरा चोर नाही, साहेब. पण उद्या कोर्टात तेच ठरणार."

आचाऱ्याची बायको खुर्चीच्या कडेवर टेकून बोलत होती. मुलींच्या वसतिगृहात नवरा रांधायचा, ती भांडी घासायची. तिथली सगळ्यांत धाकटी मुलगी, चिंगी, दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणत होते, तिच्या पोटात प्रथिनं गेलेलीच नाहीत. रोज पावडरचं दूध असताना? म्हणजे आचाऱ्यानेच दुधाची पावडर लांबवली, असं सगळ्यांनी सोयीस्करपणे ठरवलं आणि पोलिसांनी त्याला आत टाकलं.

"पातेलं घासताना काही वेगळं जाणवलं?" गुप्तहेराने विचारलं.

"हल्ली फार चिकट असतं. कपड्यांना घालायची खळ असते ना, तसं."

"दूध करपलं की चिकटणारच," गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. जेवल्यावर त्याचं डोकं चालत नसे आणि तो कायम नुकताच जेवलेला असे.

वसतिगृहात गृहमातेने त्यांना अभिमानाने मुली दाखवल्या. "बघा कशा गुटगुटीत आहेत! चिंगीने तर काय बाळसं धरलं होतं, गाल नुसते टम्म. दृष्टच लागली म्हणायची."

"दूध कोण तपासतं?"

"मीच. शेगडीवरचं उकळतं दूध पेल्यात घेते आणि आयोडीनचा थेंब टाकते. पिठाची भेसळ असली तर निळं होतं. कधीच झालं नाही. मुली एका सुरात 'शुद्ध!' म्हणतात, मगच वाढते."

"उकळतं असतानाच?"

"विज्ञानाच्या मास्तरांनी तसंच शिकवलंय. पावडरही तेच आणतात, कोठीची किल्ली त्यांच्याकडेच असते."

विज्ञानाचे मास्तर वर्गात होते. एक मुलगी बटाट्याच्या वाफाळत्या पाण्यात आयोडीन टाकणार, तोच ते ओरडले, "गार होऊ दे आधी! घाई कसली?"

मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आचारी पहिल्यापासून हावरट. मी आणखी काय सांगू?" चहा आला. "मला कोरा. इथलं दूध मला सोसत नाही."

मेहुण्याने त्यांच्या वाटणीचा दुधाचा चहाही संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघरात सगळे जमले. गृहमातेने वाफाळत्या पेल्यात थेंब टाकला. निळं काही दिसलं नाही.

"शुद्ध!" मुली ओरडल्या.

"थांबा, वाढू नका." गुप्तहेराने तो पेला गार पाण्याच्या परातीत ठेवला. दुसऱ्या पेल्यातल्या दुधात त्याने मोरचूद आणि कॉस्टिक सोडा घातला. "प्रथिनं भरपूर असती तर हे छान जांभळं झालं असतं. बघा, निळंच राहिलं."

"पण पीठही नाही ना, भाऊजी?" मेहुणा म्हणाला.

"मेहुणे, परातीत बघा."

पहिला पेला हळूहळू काळानिळा पडत होता.

"पिठाचा निळा रंग उकळत्या पाण्यात टिकत नाही. गार झालं की उमटतो. मास्तरांना हे पक्कं ठाऊक आहे, वर्गात मुलींना गार होईपर्यंत थांबवतात. मग बाईंनाच उकळतं तपासायला का शिकवलं? पातेल्याला खळ का धरते? आणि हे स्वतः इथलं दूध का पीत नाहीत? खरी पावडर बाहेर विकली जाते आणि कोठीत पीठ-साखर येते, म्हणून. आचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला मिळेल ते तो शिजवत होता."

मास्तर दाराकडे सरकले. दारात आचाऱ्याची बायको उभी होती. ती हलली नाही.

"पण मुली तर अंगाने भरल्या आहेत!" गृहमाता कळवळून म्हणाली.

गुप्तहेर एका लहान मुलीपुढे गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पायावर त्याने अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. त्याने दुसरीचा पाय पाहिला, तिसरीचाही पाहिला.

"हे बाळसं नाही, बाई. ही सूज आहे. चिंगीलाही हीच होती."

आचारी दुपारपर्यंत सुटणार होता. चिंगीबद्दल मात्र डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

गृहमाता मटकन खाली बसली. "रोज थेंब मीच टाकत होते हो," ती म्हणाली.

रिकामा पेला धरून रांगेतली पहिली मुलगी तिच्याजवळ आली.

"बाई, आता 'शुद्ध' म्हणायचं का? भूक लागलीये."