ओव्हनचं दार

चिमटा घसरला तो थेट ग्लोव्हबॉक्सच्या, प्रयोगशाळेतल्या त्या हवाबंद काचपेटीच्या, पलीकडच्या टोकाला. जाड रबरी मोज्यातला हात तिने ताणून पाहिला, पोचेना. इतक्यात समोरच्या काचेमागून तसाच एक काळा मोजा पुढे आला, चिमटा तिच्या बोटांत ठेवला आणि... तिथेच रेंगाळला.

“चिमटा मिळाला. आता हात सोडता का?”

“हात कुठला? मला तर नुसतं रबर लागतंय!”

हा लंबू. शेजारच्या गटातला संशोधक. तिला सगळे प्लॅस्टिकवाली म्हणत. लिथियमच्या बॅटरीत नेहमीच्या भुकटीच्या लेपाऐवजी वीज वाहणाऱ्या पॉलिमरची निळसर फिल्म इलेक्ट्रोड म्हणून बसवायची, हा तिचा ध्यास.

मग चहा झाले, जिन्यात गप्पा झाल्या. तिचं काम मात्र रुतलं. या खेपेची बॅटरी दोनदा चार्ज होताच मान टाकून बसली. मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं, “पॉलिमर पुरे. दुसरं काम घे.”

ती सामान आवरू लागली. त्या फिल्मवर तिचा जीव जडला होता, खोटं कशाला बोला! डोळे भरून आले.

“थांबा...” दारात लंबू. चेहरा पार उतरलेला. “दोष फिल्मचा नाही. ती वाळत होती तेव्हा ओव्हनचं दार मी उघडलं होतं.”

“निर्वात ओव्हनचं? कशाला?”

“मागे ऊब जास्त असते. म्हटलं, तुमची फिल्म मागे सरकवावी... तुम्हाला मदत होईल.”

“अहो, दमट हवा पिऊन बसली ती! पाण्याचं आणि लिथियमचं हाडवैर, हे तुम्हाला मी सांगायचं? आणि इतके दिवस गप्प?”

“बोलणं टाकाल, अशी धास्ती होती. पण तुमचं काम माझ्यापायी बुडतंय, हे बघवेना. बाईंना सांगून आलोय. एक संधी देतायत.”

ती तडक कामाला लागली. नवी फिल्म वाळत घातली आणि स्टूल ओढून ओव्हनसमोर बसली. तोही बसला, जरा लांब, हात मांडीखाली दाबून. ते पाहून तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

नवी बॅटरी चार्ज झाली, उतरली, पुन्हा चार्ज झाली. आठवडा उलटला तरी संगणकाच्या पडद्यावरची बॅटरीच्या क्षमतेची रेघ ढळली नाही.

“टिकली!” तो ओरडला. मग हळूच म्हणाला, “राग... गेला?”

“गेला कसला! आयुष्यभर पुरेल इतका शिल्लक आहे.”

“मग आयुष्यभर ऐकून घेईन.”

ती गोरीमोरी झाली. पडद्याकडे बघतच म्हणाली, “बघ हं... शब्द दिलायस तू.”