चाळीस मिनिटांची शांतता

ऐक ना. फक्त ऐक. मध्ये 'हॅ, काहीतरीच' म्हणायचं नाही.

कारण हे खरं आहे. माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि दादा कसला माणूस आहे ते तुला माहितीये. अंगावर पाल पडली तर तिला 'सरक गं बाई' म्हणणारा.

आणि रात्र-बित्र काही नाही हं. मंगळवार. दुपारचे सव्वातीन. खालच्या मजल्यावर दाताच्या दवाखान्यात ड्रिल घरघरत होतं.

दादा ऑडिओबुकच्या कंपनीत रेकॉर्डिंग करायचा. कंपनी कसली रे, दोन खोल्या आणि एक कॉफीचं मशीन! मालकाला पाठीमागे सगळे व्हिजनराव म्हणायचे, कारण त्याला दर आठवड्याला एक नवीन व्हिजन यायचं. कधी सातशे पानांची कादंबरी नऊ मिनिटांत. कधी फक्त लिफ्टमध्ये ऐकायच्या गोष्टी, मजल्यांप्रमाणे. एकदा तर कुंडीतल्या झाडांना ऐकवायच्या गोष्टी काढल्या, शप्पथ! आणि स्वतः या माणसाने जन्मात एक पुस्तक शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. 'मला वेळ कुठाय? मी इंडस्ट्री बदलतोय,' म्हणे.

त्या सगळ्या सर्कशीत एकच माणूस खरा होता. काका.

काका म्हणजे माईकसमोर पुस्तकं वाचणारे. सत्तरीचे, रिटायर्ड मास्तर. बाहेरचा आवाज न येणाऱ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत जाताना घड्याळ काढून ठेवायचे, खिशातल्या किल्ल्या काढायचे. कडक इस्त्रीचा शर्ट कधी घातला नाही. 'कापड बोलतं रे,' म्हणायचे.

आता एक गोष्ट नीट समजून घे, सगळं तिच्यावरच आहे.

पुस्तक वाचून संपलं की ते लोक खोलीची शांतता रेकॉर्ड करतात. एक मिनिट. नुसती शांतता. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचताना आलेला खोकला कापून टाकला, की त्या जागी ती चिकटवायची. आणि त्या मिनिटात वाचणारा आतच बसलेला लागतो. तो उठला तरी खोलीचा आवाज बदलतो.

काका हात मांडीवर ठेवून बसायचे. पुतळा! काचेपलीकडे दादा मिनिट मोजायचा, आत बोलायचं बटण दाबायचा आणि म्हणायचा, 'झालं, काका.'

मग काका एक मोठा सुस्कारा सोडायचे. मगच हलायचे. त्याआधी छत कोसळलं तरी नाही.

त्या मंगळवारी पुस्तक संपलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू. काका हात मांडीवर ठेवून बसले. दादाने घड्याळाकडे बघितलं...

आणि मागून खांद्यावर थाप पडली.

'चल रे, गुंतवणूकदार आलेत,' व्हिजनराव म्हणाला. 'दोन मिनिटं. तू जरा टेक्निकल बोल.'

'काका आत आहेत.'

'अरे, शांतताच रेकॉर्ड होतेय ना? तिला काय सांभाळायचंय?'

आणि दादा गेला. गेला रे! प्रमोशन पाहिजे होतं ना साहेबांना.

चाळीस मिनिटं. व्हिजनराव पाहुण्यांना 'भविष्य' दाखवत होता आणि आमचा दादा नंदीबैलासारखा मान हलवत होता.

परत आला तेव्हा लाल दिवा चालूच होता. काका तसेच. हात मांडीवर. डोळे काचेवर... दादाच्या रिकाम्या खुर्चीवर.

'झालं, काका.'

सुस्कारा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. पहिल्या दोन-चार मिनिटांतच गेले असणार.

काकांची मुलगी आली. रडली-बिडली नाही. तिने एकच विचारलं, 'बाबा एकटे होते का?'

दादा म्हणाला, 'नाही ताई. मी समोरच होतो.'

तीन महिन्यांत व्हिजनरावने वाचणारी माणसंच काढून टाकली. मशीनचा आवाज! दिवसाला चार पुस्तकं! पण ऐकणारे वैतागले. डब्यात बसून कुणीतरी बोलतंय असं वाटतं म्हणाले. खोलीच नाही ना त्या आवाजाला.

मग या महाशयांना कॉम्प्युटरवर ती फाईल सापडली. चाळीस मिनिटांची.

'एवढी स्वच्छ शांतता! सोनं आहे हे!'

सगळ्या पुस्तकांत मशीनच्या आवाजाखाली ती पसरली. नाव दिलं 'जिवंत शांतता'. विचार कर, जिवंत! दादाला माहीत होतं ती कुणाची ते. तो गप्प बसला.

आणि मग सुरू झालं...

दोन प्रकरणांच्या मध्ये दोन सेकंद शांतता असते. ती तीन सेकंद झाली. दादाने कापली. दुसऱ्या दिवशी नऊ. पुन्हा कापली.

मग सतरा...

मग ईमेल यायला लागले. 'प्रकरण संपलं की मला हलता येत नाही.' एका बाईंची बादली भरून पाणी दारापर्यंत आलं, त्या नळासमोर नुसत्या उभ्या. एक जण हिरव्या सिग्नलला गाडीत बसून राहिला, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. सगळ्यांचं एकच म्हणणं... कुणीतरी काहीतरी म्हणायची आपण वाट बघतोय, असं वाटतं.

यावर व्हिजनराव काय म्हणाला असेल? 'लोक खिळून बसतात! हेच तर हवं होतं!' आणि त्याची जाहिरात केली. आता या माणसाला काय म्हणायचं तूच सांग.

मग एका मंगळवारी काकांच्या मुलीचा फोन आला.

'ती शांतता बाबांची आहे ना?'

दादा म्हणाला, 'तुम्हाला कसं कळलं?'

'घरी सराव करायचे तेव्हा मिनिट मीच मोजायचे. मी म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. हे ऐकताना वाटतं... त्यांना अजून कुणी म्हटलंच नाहीये. तुम्ही म्हटलं होतं ना, झालं म्हणून?'

'म्हटलं होतं, ताई.'

फोन ठेवला आणि दादाने पहिल्यांदाच ती फाईल पूर्ण ऐकायला घेतली. काचेसमोरच्या आपल्या खुर्चीत, हेडफोन लावून. दुपार. बाहेर लख्ख ऊन.

पहिलं मिनिट. काही नाही.

चौथं... खुर्ची कुरकुरली.

अकरावं...

'झालं का रे?'

अगदी हळू. काकांचाच आवाज.

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दोन-चार मिनिटं.

एकोणतिसावं... 'झालं का रे?'

चाळिसावं मिनिट संपलं. फाईल संपली नाही.

एक्केचाळीस... बेचाळीस...

दादाने मान वर केली. काचेपलीकडे कुणी नव्हतं. रिकामी खुर्ची. पण लाल दिवा चालू होता. आणि खुर्चीची गादी... मधोमध दबलेली.

दादाने बटण दाबलं.

'झालं, काका.'

काहीच नाही. मग हेडफोनमध्ये, अगदी कानाशी...

'कुठे होतास?'

अरे, खरं सांगायचं ना! एवढंच तर विचारलं होतं म्हाताऱ्याने! 'चुकलो, काका. तुम्हाला सोडून गेलो.' संपलं असतं.

पण आमचा दादा म्हणाला, 'इथेच होतो, काका. समोरच.'

लाल दिवा विझला नाही.

त्याने त्याच दिवशी नोकरी सोडली. व्हिजनरावला मात्र कसलंसं बक्षीस मिळालं, नवीन कल्पनांचं! आणि ती शांतता अजून विकतात. तुझ्या मोबाईलवर पण असेल, बघ.

हे सगळं दादाने मला गेल्या मंगळवारी दुपारी त्याच्या घरी सांगितलं. जेवता जेवता. सांगून झालं... आणि तो गप्प झाला.

हात मांडीवर. पापणी हलेना.

एक मिनिट... दोन... मी हाक मारली. नाही. गदागदा हलवलं. नाही.

वहिनी आतून आली. ताट उचलता उचलता सहज म्हणाली, 'झालं.'

आणि दादाने एक मोठा सुस्कारा सोडला.

'रोजचंच आहे हे यांचं,' वहिनी म्हणाली. 'मी म्हटल्याशिवाय जागचे हलत नाहीत.'

तिला यातलं काहीही माहीत नाही, बरं का. तिला कुणी सांगितलेलंच नाही.

तेवढ्यात टेबलावर दादाचा फोन वाजला. स्क्रीनवर काकांच्या मुलीचं नाव. दर मंगळवारी करते म्हणे, सव्वातीनला. दादाने फोन उचलला नाही. नुसता पालथा ठेवला... आणि माझ्याकडे बघत राहिला. वाजून वाजून थांबेपर्यंत.



तू असतास तर काय केलं असतंस? उचलला असतास?