बंद डब्यातली टकटक

हे खरं घडलंय, माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. वर देव बघतोय, एवढंच सांगते.

रात्र नव्हती. गुरुवार, दुपारचे अडीच.

ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. त्या दिवशी सकाळपासून तिचा कॉम्प्युटर वाजत होता.

टक... टक...

मधेच थांबायचा. हुश्श करावं, तोवर पुन्हा...

टक.

दुरुस्तीवाला आला. त्याने कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली, कान लावला. "पंख्याला वायर घासतेय, ताई. दोन मिनिटांचं काम."

त्याने पंखा बोटाने थांबवला.

टक.

"मग हार्डडिस्क. म्हातारी झाली की कुरकुरते, माझ्या सासूसारखी."

डिस्क काढून टेबलावर ठेवली.

टक... टक...

आता तो हसत नव्हता. शेवटी त्याने भिंतीतली वायरच उपटली. पडदा काळा झाला. पंखा थांबला.

दोघं श्वास रोखून उभे...

टक.

"माझी अक्कल इथे संपली," म्हणत त्याने स्क्रू-ड्रायव्हर गोळा केले. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

ताई मात्र जागची हलली नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

पत्र्यावर अंगठी आपटल्याचा.

शेजारच्या टेबलाशी बारा वर्षं एक वयस्कर गृहस्थ बसायचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. लॅबमधले सगळ्यात जुने. प्रत्येक रिपोर्ट जाण्याआधी वाचायचे. शंका आली की ताईच्या डब्यावर अंगठी आपटायचे. म्हणजे, "पोरी, परत बघ."

तीन आठवड्यांपूर्वी लॅबच्या मालक डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. "तुमच्या शंकांपायी उशीर होतो. घरी बसा!"

काका घरी गेले. त्याच संध्याकाळी छातीत कळ येऊन संपले.

डॉक्टरांनी लॅब तासभरही बंद ठेवली नाही. काकांच्या जागी कुणाला घेतलं नाही. कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून गठ्ठा ताईपुढे टाकला. "छापा आणि द्या."

तेव्हा ताई गप्प बसली. तो गिळलेला राग आता उसळून वर आला.

दुरुस्तीवाल्याने एकेक भाग बाजूला करून पाहिला होता. ताईने सकाळी छापलेले रिपोर्ट एकेक करून डब्यावर ठेवायला सुरुवात केली.

पहिला... शांत.

दुसरा... शांत.

सहावा...

टक.

तिने रजिस्टर काढलं. नळीवरचा नंबर आणि कागदावरचं नाव जुळवलं. रक्त दुसऱ्याच माणसाचं होतं.

"काय चाललंय?" डॉक्टर आतून ओरडत आले. "बंद करा तो आवाज!"

"कुठून करू? वायर तुमच्या पायाशी पडलीय."

ताईने कपाट उघडलं. तीन आठवड्यांच्या प्रती. लोकांच्या घरी केव्हाच पोहोचलेले रिपोर्ट. त्याही ती डब्यावर ठेवू लागली.

टक.

टक.

टक, टक, टक...

"यांना फोन करा," ताई म्हणाली.

"डोकं फिरलंय का? लॅबची अब्रू जाईल!"

"अब्रू? मी करते फोन."

तिने वाजलेले कागद वेगळे काढले. तिघांना परत तपासायला बोलावलं. चौथ्या घरी एका बाईंनी फोन उचलला.

"आता कशाला तपासताय? रिपोर्ट चांगला आला म्हणून आम्ही ह्यांना दवाखान्यात नेलं नाही. सोमवारी गेले हे."

ताईने फोन डॉक्टरांच्या कानाशी धरला.

"बोला. सही तुमची आहे."

डॉक्टर मागे सरकले. फोनमधून त्या बाई म्हणत राहिल्या, "हॅलो... कोण बोलतंय? हॅलो..."

आणि डबा गप्प झाला.

एका आठवड्याच्या प्रती अजून बाकी होत्या. ताईने त्या एकेक करून ठेवल्या. कान लावला.

काहीच नाही.

त्या सगळ्या बरोबर होत्या? की काकांनी सांगणंच सोडलं?

ते ताईला आजही कळलेलं नाही. त्या आठवड्यातल्या प्रत्येकाला ती फोन करतेय. कुणी उचललं नाही, की पुन्हा करते...

अजून सात जण राहिलेत.